वडगाव-येळ्ळूरचं शिवार हिरव्या पट्ट्यातच राहू दे. तुमचं काय म्हणणं?

शिवारकर
वडगावातून येळ्ळूरला निघालं की रस्त्याच्या दोन्ही अंगाला जे काळं रान लागतं, त्यात यंदा आणखी मुरूम पडलाय. दगड रोवलेत, चुन्याच्या रेघा मारल्यात, फलकही लागलाय. बुडाचा, म्हणजे बेळगाव नगरविकास प्राधिकरणाचा, नवा आराखडा आला की हा भाग हिरव्यातून, म्हणजे शेतीच्या पट्ट्यातून, पिवळ्यात, म्हणजे निवासी विभागात जाणार, अशी बोलवा आहे. आराखडा अजून कुणी डोळ्यांनी बघितलेला नाही, पण एजंट आत्ताच ‘हिरव्याचं पिवळं होणारच’ म्हणून बयाणा घ्यायलेत.

माझं मत सरळ आहे. ही जमीन घरांना देऊ नये. पावसाळ्यात भात, भात कापलं की त्याच ओलीवर मसूर, हरभरा, वाटाणा. पाण्याची एक पाळी न देता दुसरं पीक हाताला येतं. बेळगाव बासमती म्हणून ज्या तांदळाचं नाव घेतो तो याच शहापूर, वडगाव, अनगोळ, येळ्ळूरच्या रानातला. घरं बांधायला तालुक्यात माळाची, खडकाळ जमीन कमी आहे काय? पिकाऊ जमिनीवरच डोळा का?

घर_शोधतोय
बासमतीचा वास घेऊन झोपायचं कुठं, तेवढं सांगा.

मी उद्यमबागेत फाउंड्रीत आहे. अनगोळात एक खोली आणि स्वयंपाकघर, भाडं दरवर्षी वाढतं, आणि मालकाच्या पोराचं लग्न ठरलं की खोली रिकामी करा. 2011 च्या जनगणनेतच शहर 4 लाख 88 हजारांच्या आसपास होतं. त्यानंतर किती वाढलं ते सकाळी तिसऱ्या रेल्वे गेटला उभं राहिलं की कळतं. ही माणसं कुठं जाणार? खडकाळ माळ म्हणताय, तिथं पाणी नाही, बस नाही. रात्रपाळी सुटल्यावर तिथवर जायचं कसं?

हिरवळीचं प्रेम ज्यांची घरं बांधून झालीत त्यांनाच फार असतं.

टिळकवाडी_निवृत्त
हा टोमणा मला आहे असं समजून उत्तर देतो. तुम्हाला घर मिळू नये असं कुणीच म्हणत नाही. पण जे ले-आउट आधीच पडलेत त्यांतून एकदा चक्कर मारा. कितीतरी प्लॉटांवर गाजरगवत माजलंय. मालक पुण्याला, नाहीतर बेंगळुरूला. घेऊन ठेवायचं आणि भाव वाढला की विकायचं. शिवार पिवळं केलं म्हणून तुम्हाला स्वस्तात प्लॉट मिळेल या भ्रमात राहू नका. तो आधी ज्याच्याकडे चार आहेत त्यालाच मिळणार.

कूळ_जमीन
आता माझंही ऐका, कारण ज्या रानाबद्दल तुम्ही बोलायलात त्यात माझं दीड एकर आहे.

ही जमीन आमच्या आजोबांनी कूळ म्हणून कसली. 1974 च्या कायद्यानं ती त्यांच्या नावावर लागली. आता उताऱ्यावर आम्ही तिघं भाऊ. बळ्ळारी नाला जलपर्णीनं भरलेला. जोराचा पाऊस झाला की नाल्याचं पाणी रानात, त्यात शहराचं सांडपाणी. लावण केलेलं भात आठवडाभर पाण्याखाली राहिलं की कुजतं. मग पुन्हा रोप आणा, पुन्हा लावण करा, बायकांची मजुरी द्या. त्या वेळी हिरवा पट्टा वाचवा म्हणणारा एकही जण बांधावर दिसत नाही. शहरातल्या व्हॅक्सिन डेपोच्या आवारातल्या झाडांसाठी मात्र जीव तुटतो.

आणि हलगा-मच्छे बायपास आला तेव्हा हा हिरवा रंग कुठं गेला होता? उभ्या पिकात मशीन घातली. रस्त्याला पाहिजे तेव्हा आमची जमीन चालते, आम्हाला विकायची झाली की ती पर्यावरण होते. शेजारचा सर्व्हे नंबर पिवळा, माझा हिरवा. मधी एक बांध. त्याच्या गुंठ्याचा भाव आणि माझ्या गुंठ्याचा भाव बघा, मग बोला. नकाशावर रंग मारायला तुमचं काय जातंय हो?

घर_शोधतोय
हे बरोबर बोललात.

नाल्याकाठचा
भावाचं गणित तुमचं, ते नाकारत नाही. पाण्याचं गणित मी मांडतो, बांधकामातला माणूस आहे म्हणून.

एका एकरावर 10 सेंटिमीटर पाऊस पडला तर ते साधारण चार लाख लिटर पाणी होतं. भाताच्या रानाला बांध असतात, त्यामुळं त्यातलं बरंचसं तिथंच थांबतं, थोडं मुरतं, उरलेलं हळूहळू नाल्याला लागतं. तेच रान मुरूम टाकून कमरेएवढं उंच केलं, वर डांबर आणि सिमेंट केलं, की तेवढं पाणी लगेच पुढं सरकतं. कुठं? शेजारच्या रानात, ज्याचा बांध आता खाली राहिलाय. ‘पूर्वी एवढं पाणी साचत नव्हतं’ असं शेतकरी म्हणतात, त्यामागं नुसती जलपर्णी नाही, हा भरावही आहे. ऑगस्ट 2019 मध्ये शहराच्या सखल वस्त्यांत घरांत पाणी शिरलं, ते आठवून बघा.

त्यामुळं घर शोधणाऱ्या भावाला माझं एवढंच सांगणं आहे, प्लॉट बघायला उन्हाळ्यात जाऊ नका. आषाढात जा, गुडघ्यापर्यंत पँट वर करून. एजंट सोबत येतो काय तेही बघा.

कूळ_जमीन
म्हणजे माझं रान शहराचं पाणी अडवून धरतं, असंच ना? मग त्या पाण्याचं भाडं द्या की. एकरी अमुक इतके रुपये दरवर्षी, घरपट्टीतून काढून. माझ्या रानात पाणी थांबतं म्हणून तुमचा तळमजला कोरडा, आणि भात कुजलं तर नुकसान माझं. हा कुठला न्याय?

टिळकवाडी_निवृत्त
भाड्याची कल्पना हसण्यावारी नेऊ नये. मी घरपट्टीत जास्तीचे पैसे द्यायला तयार आहे. गल्लीतले किती जण देतील, ते मात्र विचारू नका.

गुंठेवाली
मी जरा वेगळं बोलते. आम्ही अशाच हिरव्या पट्ट्यातल्या रानात दोन गुंठे घेतलेत. बॉन्ड पेपरवर. नावं सांगत नाही.

एनए, म्हणजे बिगरशेती झालेला प्लॉट परवडला नाही म्हणून घेतला, शौक म्हणून नाही. उतारा अजून मूळ मालकाच्याच नावावर, खरेदीखत नाही, म्हणून बँक कर्ज देत नाही. सगळं घर सोनं मोडून आणि भिशीवर उभं केलं. रस्ता म्हणजे दोन बांधांमधली वाट. पावसात गाडी मुख्य रस्त्यावर लावून पोरांना काखेत घेऊन यायचं. गटार नाही, शोषखड्डा भरला की शेजारच्या रानात वास. तो शेतकरी ओरडतो, त्याचंही चुकत नाही.

शिवारकर दादा, तुम्ही म्हणता हिरवा ठेवा. हिरवाच होता की! म्हणून काय घरं थांबली? हिरवा ठेवला की शेतकऱ्याला एनए मिळत नाही, मग तो गुंठ्यानं बॉन्डवर विकतो आणि आमच्यासारखे घेतात. पुढं मागं अक्रम-सक्रम होईल, म्हणजे बेकायदा घरं सरकार नियमित करेल, निदान बी-खाता, म्हणजे अनधिकृत मिळकतीचा नोंदीचा कागद तरी मिळेल, या आशेवर सगळे बसलेत. कागदावर शेत, जागेवर गल्ली. यापेक्षा रीतसर ले-आउट पाडला असता तर निदान दहा टक्के जागा बागेला सुटली असती, गटार झालं असतं.

शिवारकर
ताई, तुमचा मुद्दा या सगळ्यात मला सर्वांत अडचणीचा वाटतो. तरी माझं मत तेच आहे.

रीतसर ले-आउट पाडला म्हणजे तुम्हाला परवडेल अशा भावात प्लॉट मिळेल, हे कशावरून? 2020 साली कर्नाटक सरकारनं भूसुधारणा कायद्यातली 79अ आणि 79ब ही कलमं काढली. आधी शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नव्हती, आता कुणीही घेऊ शकतो. मोठा पैसा आजच हिरव्या भावात जमीन घेऊन बसेल आणि पिवळं झालं की विकेल. मधला फायदा कूळ_जमीन यांना नाही आणि तुम्हालाही नाही.

सगळा तालुका हिरवा ठेवा असं मी म्हणतच नाही. नाल्याच्या दोन्ही काठांचं सखल रान आणि दुबार पिकाची काळी जमीन, एवढी तरी सोडा. घरं शहराच्या आत रिकाम्या पडलेल्या प्लॉटांवर आणि माळावर होऊ देत, तिथं बस न्या, पाणी न्या. राखून ठेवलेल्या रानाच्या मालकाला भरपाई द्या, भाडं म्हणा नाहीतर आणखी काय म्हणा. त्याला कूळ_जमीन इतकाच माझाही पाठिंबा आहे.

घर_शोधतोय
‘बस न्या, पाणी न्या’ हे कुणाला सांगायलात? बस कधी येणार तोवर माझं पोरगं कॉलेजला जाईल.

खानापूर_रोड
भांडण चालू दे, पण कामाचं बोला. आराखड्याचा मसुदा आला की हरकतींसाठी मुदत असते. नोटीस कन्नडमध्ये असते, कुठल्यातरी पेपरच्या आतल्या पानात. आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्यांना ती वाचता येत नाही, आणि मुदत टळल्यावर मोर्चा काढून उपयोग नसतो. प्रत्येक गावात कन्नड वाचणारी दोन-तीन पोरं बसवा. सर्व्हे नंबर घेऊन नकाशात रंग कुठला ते बघून द्यायचं आणि हरकतीचा अर्ज लिहून द्यायचा. अर्ज दिल्यावर पोच घ्यायला विसरायचं नाही.

शिवारकर
वडगावातलं काम मी घेतो. मसुदा आला की रविवारी मंगाई देवळापाशी बसू. उताऱ्याची झेरॉक्स आणा.

कूळ_जमीन
मीपण येतो, अर्ज लिहून द्या. पण माझी हरकत उलटी असणार. माझा सर्व्हे नंबर पिवळ्यात घाला म्हणून. चालेल काय?

शिवारकर
चालेल की. अर्ज तुमचा. भाड्याची मागणीही त्यातच घाला, खाली मी सही करतो.