धाकट्या बहिणीला क्रोशा शिकवायचाय, ती डावखुरी आहे

प्रश्न: बहीण नऊ वर्षांची. आजीने विणलेलं दारावरचं तोरण बघून हट्ट धरलाय. मी उजव्या हाताने विणते. शेजारी बसवून दाखवलं की तिचा गोंधळ उडतो. शिवाय साखळी (सुरुवातीच्या साध्या टाक्यांची ओळ) इतकी आवळते की सुई परत आत शिरतच नाही! कुठून सुरुवात करू?

प्रतिसाद १: शेजारी नको, समोर बसव. आरशात बघितल्यासारखं तिला तुझं जसंच्या तसं करता येईल. तिचं विणकाम डावीकडून उजवीकडे जाईल, ते बरोबरच आहे. कृपा करून हात बदलायला लावू नकोस.

प्रतिसाद २: तोरणाचा बारीक दोरा आत्ता नकोच. जाड, फिक्या रंगाची लोकर आणि ५ मिमीची सुई घे. गडद रंगात टाके दिसत नाहीत. टाका सुईच्या टोकाजवळच्या खाचेत आवळला की घट्ट होतो. तो मागच्या जाड भागावर सरकवून सैल करायला सांग.

प्रश्नकर्ती: समोर बसवलं, साखळी जमली! पण खांबांची (उंच टाक्यांची) पट्टी वर निमुळती होतेय.

प्रतिसाद २: शेवटचा खांब सुटतोय. ओळीच्या सुरुवातीच्या तीन साखळ्या म्हणजे पहिला खांब. परतताना त्यांच्या डोक्यावरही विणायचं. ती जागा चुकू नये म्हणून तिथे सेफ्टी पिन अडकव.