भिंतीपलीकडचे गवत आणि गच्चीवरच्या ताट्या

सचिव: काल सायंकाळी सोसायटीमागील मोकळ्या प्लॉटवरचे वाळलेले गवत पेटले. अग्निशमन दलाने आग भिंतीपाशीच विझवली. मात्र ए विंगमधील एका गॅलरीच्या हिरव्या जाळीला ठिणग्यांनी भोके पडली आहेत. सर्वांनी सूचना कळवाव्यात.

बी-302: प्लॉटमालकाला नोटीस द्यावी. गवत त्याचे आहे, तेव्हा मेंटेनन्समधून एक रुपयाही खर्च होऊ नये.

ए-104: नोटीस अवश्य द्यावी, पण गवत कापले जाईपर्यंत मृग लागेल. मी वनखात्यात नोकरी केली. आमच्याकडे 15 फेब्रुवारी ते 15 जून हा वणव्याचा हंगाम धरतात आणि त्याआधीच जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून गवत-पाला काढून मोकळे केलेले पट्टे, काढून ठेवतात, कारण सागाचा पाला गळून पडल्यावर मोहफुले वेचण्यासाठी कोणी झाडाखाली काडी लावली, तरी आग वाऱ्याबरोबर कुठवर जाईल हे सांगता येत नाही. अमेरिकेच्या वनसेवेतील संशोधक जॅक कोहेन यांनी दाखवून दिले की, घर वाचणे हे मुख्यतः ते घर आणि त्याभोवतीच्या सुमारे 30 मीटरांत काय आहे यावर ठरते. ज्वाळा दूर असतानाही उडत आलेल्या ठिणग्या घर पेटवतात. घराच्या भिंतीलगतचा पहिला दीड मीटर पूर्ण मोकळा ठेवावा, असे तिकडे सांगतात. तिकडची घरे बहुधा लाकडी असतात, आपली सिमेंटची आहेत, हे खरे. पण ठिणगीला भिंत लागत नाही, काल तिला जाळी पुरली. गच्चीवर लिफ्टच्या खोलीला टेकवून ठेवलेल्या कूलरच्या जुन्या ताट्या कोणाच्या आहेत? वाळलेल्या ताटीइतके चांगले सरपण चुलीलाही मिळत नाही.

सी-201: त्या आमच्या आहेत, काका. आजच काढते. पण पारा 45 वर जात असताना जाळ्या काढायला सांगू नका, घरात लहान मूल आहे.

ए-104: जाळी राहू द्या, ताई. तिच्यात अडकलेला पाला रोज झाडावा आणि तिला टेकून पुठ्ठे, रद्दी ठेवू नये, एवढे पुरे.

बी-302: मग भिंतीजवळची कडुनिंबाची झाडेही तोडावीत का?

ए-104: मुळीच नको. हिरवा निंब सहजी पेट घेत नाही. जमिनीलगतच्या वाळक्या फांद्या छाटाव्यात, म्हणजे खालची आग शेंड्यापर्यंत चढणार नाही. खरी काळजी दुचाक्यांची आहे. त्या पाल्याच्या ढिगात उभ्या असतात आणि टाकीत पेट्रोल असते.

सचिव: रविवारी सकाळी साडेसहाला भिंतीच्या आतील बाजूचा पाला काढू. तो पेटवायचा नाही. घनकचरा नियमांनुसार उघड्यावर जाळण्यास मनाई आहे. मागच्या कोपऱ्यात खड्डा करून खत करू. दुचाक्या शनिवारी रात्रीच समोरच्या फरशीवर लावाव्यात. नोटिशीचा मसुदा बी-302 यांनी करावा.

बी-302: करतो. खड्ड्यासाठी फावडे माझ्याकडे आहे.