दहावीनंतर आयटीआय किंवा पॉलिटेक्निक: दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी काय मागायचं, कुठे आणि कधी?

सत्तरीचा मास्तर

नमस्कार. आमच्या हायस्कुलात दहावीच्या मुलांना पुढच्या प्रवेशाबद्दल सांगण्याचं काम माझ्याकडे आहे. यंदा दोघांच्या बाबतीत नेमकी माहिती हवी आहे.

मुलगी: दोन्ही कानांना श्रवणदोष, श्रवणयंत्र वापरते, ओठ वाचते, खुणांची भाषा जेमतेम. यूडीआयडी कार्ड (केंद्राचं दिव्यांग ओळखपत्र) आहे. सरकारी आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन नाहीतर इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक करायचं म्हणते.

मुलगा: डिस्लेक्सिया, म्हणजे वाचण्या-लिहिण्यातली अध्ययन अक्षमता. दहावीला गोवा बोर्डाच्या सवलती मिळाल्या होत्या, पण प्रमाणपत्र तो पाचवीत असतानाचं. हात चांगला चालतो. फिटर किंवा मेकॅनिकलचा डिप्लोमा, दोन्ही डोक्यात आहे.

शाळेत समग्र शिक्षाच्या रिसोर्स टीचर होत्या, त्या बारावीपर्यंतच्या शाळांपुरत्या. पुढे हे काम कोण बघतं? आणि प्रवेश अर्जावर 'दिव्यांग' अशी खूण केली की बाकीचं आपोआप मिळतं का?

बेंचवाइस

मास्तर, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो: नाही मिळत. त्या खुणेने मुलाचं नाव राखीव जागेच्या यादीत जातं, एवढंच. वर्गात काय लागेल, वर्कशॉपात काय लागेल, परीक्षेत काय लागेल, हे तीन वेगळे विषय आहेत आणि तिन्ही लेखी मागावे लागतात.

अर्ज भरण्याआधी एक काम करा. आयटीआयच्या प्रत्येक ट्रेडचा अभ्यासक्रम डीजीटीने (केंद्राच्या प्रशिक्षण महासंचालनालयाने) पीडीएफमध्ये टाकलेला असतो. त्यात सुरुवातीला 'जनरल इन्फर्मेशन'चा तक्ता आहे आणि त्यात 'एलिजिबिलिटी फॉर पीडब्ल्यूडी' (म्हणजे दिव्यांगांची पात्रता) अशी एक ओळ. कोणत्या दिव्यांगत्वाला तो ट्रेड खुला आहे ते तिथे इंग्रजी आद्याक्षरांत दिलेलं असतं: एलडी म्हणजे अस्थिव्यंग, एलव्ही म्हणजे अल्पदृष्टी, एचएच म्हणजे कमी ऐकू येणारे, एसएलडी म्हणजे अध्ययन अक्षमता. 'डेफ' वेगळं लिहितात. हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या परिशिष्टात दोन्ही कानांनी ७० डेसिबल किंवा जास्त श्रवणऱ्हास म्हणजे 'डेफ' आणि ६० ते ७० म्हणजे 'हार्ड ऑफ हिअरिंग'. यूडीआयडीवर टक्के असतात, डेसिबल नसतात. म्हणून अर्जासोबत ताजा ऑडिओग्राम (श्रवणचाचणीचा आलेख) जोडा, नाहीतर खिडकीवरचा माणूस स्वतःच्या अंदाजाने रकाना भरतो.

आता वर्कशॉप. इलेक्ट्रिकलच्या दोन्ही ट्रेडमध्ये श्रवणदोष असलेल्या मुलीची गोची एकाच ठिकाणी होते, आणि ती कुणाला आधी सुचत नाही: मल्टिमीटरची कंटिन्युइटी, म्हणजे तार अखंड आहे का ते बघणं. सगळा वर्ग बीप ऐकून तार तपासतो. हिला बीप ऐकू येत नाही, मग ती शेजाऱ्याच्या तोंडाकडे बघते आणि जर्नलमध्ये अंदाजे टिक करते. उपाय फुकट आहे. कंटिन्युइटी न लावता ओहमची सर्वांत खालची रेंज लावायची आणि आकडा वाचायचा, शून्याच्या आसपास म्हणजे जोड ठीक. बीपसोबत एलईडी पेटणारा मीटरही बाजारात मिळतो. मोटारीचं बेअरिंग आवाजावरून ओळखायला शिकवतात, तिथे लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या घरावर टेकवून मूठ बोटांत धरायची, कंप कळतो. फिरत्या भागापासून दूर, हे सांगायला नको.

धोक्याची सूचना: शेडमध्ये नुसता सायरन असेल तर त्याच्याच रिलेवर समांतर एक लाल फिरता किंवा लुकलुकणारा दिवा बसवून घ्या. इलेक्ट्रिशियनच्या मुलांना तोच जॉब (सरावाचं काम) म्हणून देता येतो. दिवा मशीनवर वाकलेल्या मुलीच्या नजरेत यायला हवा. बहुतेक वेळा तो दारावर लावतात आणि ती दाराकडे पाठ करून उभी असते. मागून कोण येतं ते दिसावं म्हणून बेंचसमोर एक बहिर्गोल आरसा. आणि 'थांब', 'मेन स्विच बंद', 'बाहेर' या तीन हातखुणा पहिल्या आठवड्यात अख्ख्या बॅचला शिकवा, तिला एकटीला शिकवून काही उपयोग नाही.

शिकवणाऱ्याने फळ्याकडे किंवा मशीनकडे तोंड करून बोलू नये, हे सगळे मान्य करतात आणि दुसऱ्या दिवशी विसरतात. त्यापेक्षा क्रम ठरवून द्या: आधी समोर उभं राहून सांगायचं, मग गप्प राहून करून दाखवायचं. ओठ वाचणाऱ्याला एकाच वेळी तोंड आणि हात दोन्ही बघता येत नाहीत.

मोबाइलवरचं बोललेलं टिपणारं ॲप मराठी, हिंदी, इंग्रजीत बरं चालतं. पण आपल्याकडे इन्स्ट्रक्टर अर्धं वाक्य कोंकणीत सुरू करून इंग्रजीत संपवतो, तिथे ॲप काहीबाही लिहितं. शिवाय ग्राइंडर चालू असताना त्याचा काही भरवसा नाही. थिअरीच्या वर्गासाठी ठीक.

खिडकी नंबर चार

कागदांचं मी सांगतो.

मुलाचं प्रमाणपत्र आधी बघा. अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र वयाच्या आठव्या वर्षानंतर मिळतं, पण १४ आणि १८ व्या वर्षी पुन्हा तपासणी करावी लागते. पाचवीतलं प्रमाणपत्र म्हणजे मुलगा दहा-अकरा वर्षांचा. चौदाव्या वर्षीची तपासणी राहिली असेल तर पुढच्या परीक्षा मंडळाकडे तो कागद अडकणार. दहावीच्या सवलती गोवा बोर्डाने दिल्या, त्या गोवा बोर्डापुरत्या. आयटीआयची परीक्षा डीजीटीकडे, डिप्लोमाची तंत्रशिक्षण मंडळाकडे, दोन्हीकडे नव्याने अर्ज. यूडीआयडीच्या पोर्टलवर आताच अर्ज टाका. जून-जुलैत प्रवेशाची गर्दी आणि हॉस्पिटलात तपासणीची गर्दी एकदमच होते. तोपर्यंत गोवा बोर्डाच्या सवलतपत्राची प्रत जोडा. पुरावा म्हणून ती चालते, प्रमाणपत्र म्हणून नाही.

नावाचं स्पेलिंग हा आपल्याकडचा कायमचा घोळ. आधारवर एक, दहावीच्या गुणपत्रिकेवर दुसरं, जन्मदाखल्यावर पोर्तुगीज वळणाचं तिसरं. राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टल आधारवरचं नाव धरून चालतं. म्हणून यूडीआयडी करतानाच नाव आधारप्रमाणे लिहा.

शिष्यवृत्ती कोणती, हे कोर्सवर ठरतं. एआयसीटीईची (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची) 'सक्षम' फक्त मान्यताप्राप्त डिप्लोमा आणि पदवीला आहे, आयटीआयला नाही. दिव्यांगत्व ४०% किंवा जास्त, कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांच्या आत, रक्कम वर्षाला ५०,००० रुपये. म्हणजे फिटर की डिप्लोमा हा प्रश्न त्या मुलाच्या घरी पैशांचाही आहे, पालकांना हे आधी सांगा. केंद्राची दिव्यांगांसाठीची पोस्ट-मॅट्रिक शिष्यवृत्ती दहावीनंतरच्या मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांना आहे, तिची उत्पन्नमर्यादा २.५ लाख.

अर्ज फेटाळला जातो तो बहुधा विद्यार्थ्याच्या चुकीने नाही. अर्ज भरल्यावर संस्थेच्या नोडल ऑफिसरने तो पोर्टलवर पडताळायचा असतो. तो माणूस बदली होऊन गेला, पासवर्ड कुणाकडे नाही, तारीख संपली, असं होतं. अर्ज भरला त्याच आठवड्यात स्टेटस बघा. 'संस्थेकडे प्रलंबित' दिसलं तर छापील प्रत घेऊन ऑफिसात जा आणि आवक क्रमांक घ्या. दुसरी अडचण बँकेची: खातं आधारशी जोडलेलं असणं वेगळं आणि सरकारी पैसे थेट जमा होण्यासाठी तेच खातं मॅप झालेलं असणं वेगळं. दोन बँकांत खाती असली की पैसे जुन्या, विसरलेल्या खात्यात जातात.

श्रवणयंत्र बदलायचं असेल तर दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेत महिना २२,५०० रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना पूर्ण मदत, ३०,००० पर्यंत निम्मी. गेल्या ३ वर्षांत त्याच कारणासाठी मदत घेतलेली नसावी.

वीस मिनिटं

वरचं सगळं बरोबर, पण परीक्षेचं कुणी नीट सांगितलं नाही आणि मुलं नापास तिथेच होतात.

केंद्राच्या २९ ऑगस्ट २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे दर तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ. अंधत्व, दोन्ही हातांचं अस्थिव्यंग आणि सेरेब्रल पाल्सी यांना मागितला की लेखनिक मिळतो. बाकीच्यांनी 'लिहिण्यात शारीरिक मर्यादा आहे' असं ठरलेल्या नमुन्यातलं प्रमाणपत्र आणायचं, सही मुख्य वैद्यकीय अधिकारी, सिव्हिल सर्जन किंवा सरकारी हॉस्पिटलच्या मेडिकल सुपरिंटेंडंटची. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरची सही चालत नाही, परत पाठवतात. ज्यांचं दिव्यांगत्व ४०% पेक्षा कमी आहे पण लिहायला अडचण आहे त्यांच्यासाठी १० ऑगस्ट २०२२ च्या वेगळ्या सूचना आहेत. 'टक्के कमी, म्हणून काही नाही' असं कुणी म्हटलं तर त्या दाखवा.

आता डिस्लेक्सियाच्या मुलाबद्दल. आयटीआयची थिअरी परीक्षा संगणकावर, पर्यायांतून निवडायची. सवयीने सगळे 'लेखनिक द्या' असा अर्ज करतात. माउसने पर्याय निवडायला लेखनिक कशाला? त्याला प्रश्न वाचून दाखवणारा माणूस हवा. अर्जात 'वाचक आणि जादा वेळ' असं लिहा. आणि जादा वेळ संगणकात आधी भरला गेला पाहिजे. घड्याळ शून्यावर आलं की पेपर आपोआप बंद होतो, मग पर्यवेक्षकाच्या हातात काही उरत नाही. परीक्षेआधी केंद्रावर जाऊन त्याच्या लॉगिनला किती मिनिटं दिसतात ते विचारून घ्या.

सगळ्यात मोठी फट: २०१८ च्या सूचना 'लेखी परीक्षे'साठी आहेत. आयटीआयमध्ये ट्रेड प्रॅक्टिकलला उत्तीर्ण व्हायला ६०% लागतात, थिअरीला ३३%. म्हणजे जिथे अट कडक तिथेच जादा वेळेचा उल्लेख नाही. प्रॅक्टिकलसाठी वेगळा अर्ज द्या आणि त्यात २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम १६ आणि १७ चा आधार घ्या. १६ मध्ये शासनमान्य संस्थेने विद्यार्थ्याच्या गरजेनुसार वाजवी सोय करायची आहे, १७ मध्ये परीक्षा पद्धतीत योग्य बदल. मागणी मोघम नको. 'जॉबचं ड्रॉइंग वाचून दाखवावं, मापं तोंडी पुन्हा सांगावीत, तासाला २० मिनिटं जादा' असं लिहा. सहा तासांचा जॉब असेल तर दोन तास होतात, तेवढा वेळ वर्कशॉप उघडं ठेवायला माणूस लागतो. म्हणून हा अर्ज सत्राच्या सुरुवातीला द्यायचा, हॉल तिकिटासोबत नाही.

सत्तरीचा मास्तर

देव बरें करूं सगळ्यांना. कंटिन्युइटीचं तर डोक्यातच आलं नव्हतं. दोन प्रश्न राहिले. फिटरला हा मुलगा आकडे उलटे वाचेल त्याचं काय? आणि ऑफिसात 'आमच्याकडे असा नियम नाही' म्हणाले तर?

बेंचवाइस

आकड्यांचं: ६.८ आणि ८.६ चं ड्रिल सारखंच दिसतं त्याला. बिट्सच्या स्टँडवर मापाप्रमाणे रंगाची पट्टी लावा आणि जॉब शीटवर त्या मापाला तोच रंग. साधं व्हर्निअर बाजूला ठेवून सुरुवातीला डिजिटल द्या, पण साधंही शिकवा, कारण परीक्षेत तेच समोर येऊ शकतं. ड्रिल मारण्याआधी माप मोठ्याने बोलायचं आणि शेजाऱ्याने तपासायचं, ही सवय सगळ्या बॅचला लावा, चांगल्या कारखान्यातही तसंच करतात. ड्रॉइंगच्या फर्स्ट अँगल प्रोजेक्शन पद्धतीत डावं-उजवं उलटतं, तिथे लाकडी किंवा साबणाचा ठोकळा कापून हातात द्या. कागद फिरवून त्याला कळणार नाही, ठोकळा फिरवून कळतं.

वीस मिनिटं

'नियम नाही' हे उत्तर लेखी मागा. बहुतेक वेळा तिथेच नियम सापडतो. सरकारी आस्थापनेत कायद्याच्या कलम २३ प्रमाणे तक्रार निवारण अधिकारी नेमलेला असतो, त्याचं नाव विचारा. तिथून पुढे राज्य दिव्यांग आयुक्तांचं कार्यालय, पणजी. अर्जाची प्रत, आवक क्रमांक आणि मिळालेलं उत्तर जोडा. आयुक्तांनी शिफारस केली की संबंधित कार्यालयाने ३ महिन्यांत काय केलं ते कळवायचं असतं. तीन महिने म्हणजे अर्धं सत्र, हे धरूनच ऑगस्टात सुरुवात करा. सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत ५% जागा आणि वयात ५ वर्षं सवलत कलम ३२ मध्ये आहे, पॉलिटेक्निकच्या अर्जात ते उपयोगी पडेल.

एकास बारा

दोघांपैकी कुणी व्हीलचेअरवर नाही, तरी पुढे कुणी हा धागा वाचेल म्हणून लिहितो. रॅम्पचा उतार १:१२. तीन पायऱ्या म्हणजे साधारण ४५० मिमी, म्हणजे रॅम्प ५.४ मीटर लांब. दोन मीटरमध्ये बसवलेला रॅम्प म्हणजे घसरगुंडी. रुंदी किमान १२०० मिमी, दाराची मोकळी जागा ९०० मिमी, वळायला १५०० मिमीचं वर्तुळ. वर्कशॉपच्या सरकत्या दाराचा रूळ जमिनीच्या वर आला असेल तर पुढची छोटी चाकं तिथेच अडकतात, रूळ खाचेत बसवा. गुळगुळीत टाइल्सचा रॅम्प जूनपासून शेवाळतो, तिथे रेघा ओढलेलं काँक्रीट हवं आणि पावसाळ्यात आठवड्याला एकदा ब्रशने घासायला कुणाला तरी नेमून द्या. पणजीतल्या आल्तिनोसारख्या चढावरच्या संस्थेत खालच्या बसस्टॉपवरून व्हीलचेअर ढकलत नेणं विसरा, गाडी दारापर्यंत येऊ देण्याची परवानगी आधी घ्या. आणि थिअरीचा वर्ग वरच्या मजल्यावर असेल तर लिफ्टची वाट बघू नका, वेळापत्रकात तो वर्ग खाली आणा. त्याला एक रुपया लागत नाही.

बेंचवाइस

मुलीच्या यंत्राबद्दल एक राहिलं. पावसाळ्यात घाम आणि दमट हवा मिळून श्रवणयंत्र आठवड्यात खरखरायला लागतं. रात्री सेल काढून यंत्र झाकणाच्या डबीत सिलिका जेलसोबत ठेवायचं. झिंक-एअरचे सेल स्टिकर काढल्यावर लगेच बसवू नका, चार-पाच मिनिटं हवा लागू द्या. एक जादा पाकीट वर्कशॉपच्या कपाटात असू द्या, तिच्या नंबरचं. नारिंगी पट्टी म्हणजे १३, तपकिरी म्हणजे ३१२.