दोन गाड्यांच्या गॅरेजला लिफ्ट हवी का?

दोन बे

हातखंब्याच्या अलीकडे, महामार्गाच्या कडेला माझे २२ बाय ३० फुटांचे भाड्याचे गॅरेज आहे. मी, एक मिस्त्री आणि एक शिकाऊ मुलगा असे आम्ही तिघे काम करतो, आणि आत एका वेळी दोनच गाड्या नीट उभ्या राहतात, म्हणजे बे (गाडी लावायच्या जागा) दोनच. आजवर सगळे काम ट्रॉली जॅक आणि चार घोड्यांवर (उचललेली गाडी टेकवायच्या लोखंडी स्टँडवर) चालले आहे. यंदा गणपतीच्या आधीच्या पंधरवड्यात मुंबईहून येणाऱ्या गाड्यांची गर्दी झाली, तेव्हा माझ्या मिस्त्रीने स्पष्टच सांगितले की पुढच्या वर्षी लिफ्ट नसेल तर त्याची पाठ हे काम करू देणार नाही.

चार टनांच्या दोन खांबी लिफ्टचे दरपत्रक १,६५,००० रुपयांचे मिळाले आहे. त्यावर १८ टक्के जीएसटी, शिवाय जमिनीच्या काँक्रीटला ४०,०००, वायरिंगला १८,००० आणि वाहतूक व बसवणुकीला १२,००० धरले, तर आकडा २,६४,७०० वर जातो. माझी जीएसटी नोंदणी नसल्याने भरलेल्या कराचा परतावा मिळणार नाही, त्यामुळे तो सरळ खर्चातच धरावा लागेल. मुद्रा योजनेच्या किशोर गटातून कर्ज मिळण्यासारखे आहे. आपल्यापैकी ज्यांनी लिफ्ट घेतली, किंवा घेऊन पश्चात्ताप केला, त्यांनी मोकळेपणाने लिहावे.

पाना बारा-तेरा

घ्या, आणि त्यात फार आढेवेढे घेऊ नका. मी सहा वर्षांपूर्वी लिफ्ट बसवली, तेव्हा माझ्याकडेही दोनच गाड्यांची जागा होती. घोड्यांवर चढवलेल्या स्विफ्टचा क्लच बदलायला दोन माणसांना पाच-सहा तास लागायचे, कारण गिअरबॉक्स छातीवर घेऊन उताणे झोपून त्याचा इनपुट शाफ्ट (पुढचा दांडा) क्लच प्लेटमध्ये सरळ बसवावा लागतो आणि पहिल्या प्रयत्नात तो कधीच बसत नाही. लिफ्टवर तेच काम उभ्याने, गिअरबॉक्स पेलणारा ट्रान्समिशन जॅक लावून साडेतीन तासांत होते, आणि दुसरा माणूस मोकळा राहतो.

पैशांइतकाच मोठा मुद्दा जिवाचा आहे. मी शिकत होतो त्या गॅरेजात घोड्या कमी पडल्या की जॅकवरच गाडी ठेवून, चाकाखाली विटा सारून आम्ही खाली सरपटत असू. एका दुपारी जॅकचे सील गळाले आणि गाडी सावकाश खाली बसली. खालचा मुलगा नुकताच चहा आणायला बाहेर गेला होता, एवढ्यावरच ते निभावले. लिफ्टची कुलपे खाचेत बसली की हायड्रॉलिक गळले तरी गाडी जागची हलत नाही.

तिसरी गोष्ट ग्राहकाची. चाक धरणाऱ्या लोअर आर्मचा रबरी बुश फाटला आहे असे तोंडाने सांगितले की ग्राहकाला वाटते आपण बिल फुगवतो आहोत. त्यालाच गाडीखाली उभे करून पट्टीने बुश हलवून दाखवला की तो स्वतः म्हणतो, "टाका नवीन."

जुना हिशेब

वरील प्रतिसादातील एकही विधान खोटे नाही, तरी त्यातून लिफ्ट घ्यावी हा निष्कर्ष निघत नाही. मी गॅरेजवाल्यांची खातेवही लिहितो, पाना धरत नाही, म्हणून माझा प्रश्न वेगळा आहे. २,६४,७०० रुपये तीन वर्षांसाठी १२ टक्क्यांनी घेतले तर महिन्याचा हप्ता सुमारे ८,८०० रुपये पडतो. हा हप्ता आपण वाचलेल्या वेळातून भरणार आहोत की नव्याने आलेल्या कामातून? वाचलेल्या वेळाला तेव्हाच किंमत येते, जेव्हा दारात दुसरी गाडी ताटकळत उभी असते. ज्या महिन्यात मिस्त्री दुपारी चार वाजता रिकामा बसतो, त्या महिन्यात वाचवलेले दोन तास म्हणजे दोन तास आधी सुरू झालेल्या गप्पा.

दुसरे असे की तालुक्याच्या ठिकाणी लिफ्ट किती वेळा अडकून पडते याचा विचार कोणी करत नाही. गिअरबॉक्स उतरवला, आतले बेअरिंग गेले असल्याचे कळले, ते कोल्हापूरहून मागवले आणि ते परवा आले. तोवर गाडी लिफ्टवर लटकलेली असते आणि खालच्या बेमध्ये दुसरी गाडी घेता येत नाही. दोन बेपैकी एक असा अडवून ठेवणे या गॅरेजला परवडेल का?

आपण कृपया दोन महिन्यांची नोंदवही काढून किती गाड्यांना खालून काम लागले, ते मोजून सांगावे.

दोन बे

नोंदवही काढली. दोन महिन्यांत ११८ गाड्या झाल्या. त्यांपैकी ४१ गाड्यांना खालून काम होते, पण त्यातील २८ कामे ऑइल, सायलेन्सरचे रबर, लिंक रॉड अशी अर्ध्या-पाऊण तासाची होती. मोठी कामे १३: क्लच ५, सस्पेन्शन ६ आणि गिअरबॉक्स २.

जुना हिशेब

मग पाहा. मोठ्या १३ कामांत प्रत्येकी दीड तास वाचला असे उदारपणे धरले, तरी दोन महिन्यांत साडेएकोणीस तास होतात. लहान २८ कामांत अर्धा-अर्धा तास धरला तर आणखी चौदा. म्हणजे महिन्याला जेमतेम सतरा तास. तासाला ३५० रुपये मजुरी धरली तर ५,९०० रुपयांच्या आसपास आकडा येतो, तोही प्रत्येक वाचलेल्या तासाला गिऱ्हाईक हजर आहे असे मानून. हप्ता मात्र ८,८००.

पाना बारा-तेरा

हा हिशेब केलेल्या कामांचा झाला. नाकारलेली कामे नोंदवहीत नसतात. दादा, मनात आठवून सांगा, दोन महिन्यांत "हे आमच्याकडे होणार नाही, रत्नागिरीला न्या" असे किती जणांना सांगितलेत?

दोन बे

आठवतात ती चार. दोन स्कॉर्पिओ आणि एक इनोव्हा, तिन्हींचा क्लच. एक बोलेरो, तिचा ट्रान्सफर केसचा (चारही चाकांना जोर वाटून देणाऱ्या पेटीचा) आवाज. अशा क्लचच्या कामाला आमच्याकडे मजुरी साडेचार हजारांपर्यंत मिळाली असती.

प्रामाणिकपणे सांगायचे तर बोलेरो मी लिफ्ट असती तरी घेतली नसती, कारण ते काम मला येत नाही. आणि एक स्कॉर्पिओ परत गेली त्या आठवड्यात मिस्त्री तापाने पडला होता.

जुना हिशेब

म्हणजे केवळ लिफ्ट नाही म्हणून गेलेली कामे दोन. दोन महिन्यांत नऊ हजार, महिन्याला साडेचार हजार. आधीचे ५,९०० मिळवले तर १०,४०० रुपये होतात. मान्य करतो, माझ्या पहिल्या अंदाजापेक्षा आकडा बरा निघाला. तरीही हप्त्यावर उरतात १,६००, आणि त्यातून वीज, तेल, नायलॉनचे गुटके आणि वर्षाची तपासणी भागवायची आहे.

घाटावरचा

या सगळ्यात कोणी खड्ड्याचे नाव काढत नाही याचे आश्चर्य वाटते. आमच्याकडे कागल-निपाणी पट्ट्यात ट्रक आणि टेम्पोची कितीतरी गॅरेजे खड्ड्यावर चालतात. पाच फूट खोल, तीन फूट रुंद खड्डा विटांनी बांधून घेतला तर लिफ्टच्या एक-तृतीयांश पैशांत काम होते, त्याला मोटार लागत नाही आणि छपराची उंचीही आड येत नाही. ऑइल, सायलेन्सर, क्लच, सगळे उभ्याने होते. फक्त चाके मोकळी लटकत नाहीत, तेव्हा सस्पेन्शनसाठी जॅक लावावा लागतो.

निवृत्त मेंटेनन्स

घाटावर चालेल, कोकणात नाही. इथे जूनपासून ऑक्टोबरपर्यंत जांभ्यातून पाणी पाझरत राहते आणि बांधलेला खड्डा विहिरीसारखा भरतो. रोज सकाळी पंप लावून तो उपसणारे गॅरेजवाले मी पाहिले आहेत. त्याहून गंभीर गोष्ट अशी की पेट्रोलची वाफ आणि एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने ती खड्ड्याच्या तळाशी साचून राहते. फ्युएल फिल्टर सोडवताना सांडलेले थोडेसे पेट्रोल आणि हातातला उघडा बल्ब, एवढे पुरेसे असते. खड्डा करायचाच असेल तर तळातून हवा ओढणारा पंखा आणि ठिणगी न उडवणारे दिवे हवेत, आणि ते धरले की तुमची एक-तृतीयांश किंमत उरत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे. मी कारखान्यात उचल-यंत्रांच्या देखभालीत आयुष्य घालवले, म्हणून माझे लक्ष लिफ्टपेक्षा तिच्या खाली आणि वर जाते. हप्त्याचा वाद घालण्याआधी आपण तीन गोष्टी पाहाव्यात असे मला वाटते.

पहिली, जमीन. दोन खांबी लिफ्टचा सगळा भार खांबांच्या पायांखालच्या अँकर बोल्टवर येतो, कारण गाडी दोन खांबांच्या मध्ये बाहूंवर तोललेली असते आणि ते खांबांना आत ओढत असतात. कंपनीप्रमाणे चार ते सहा इंच किंवा त्याहून जाड, सलग, भेगा नसलेले काँक्रीट लागते आणि नव्या काँक्रीटला २८ दिवस मुरू द्यावे लागते. आपल्याकडच्या जुन्या शेडमध्ये जांभ्याच्या खापऱ्यांवर दोन इंच कोबा घातलेला असतो. त्यावर लिफ्ट बसवणे म्हणजे बोल्ट पापडात ठोकणे आहे.

दुसरी, छप्पर. लिफ्ट गाडीला सहा फुटांच्या आसपास उचलते आणि इनोव्हा क्रिस्टाची उंचीच जवळपास सहा फूट आहे. बारा फूट मोकळे नसतील तर ती गाडी पूर्ण उचलताच येणार नाही. आपले छप्पर वळचणीला किती आहे?

तिसरी, वीज. लोकांना वाटते की वीज गेली तर गाडी धाडकन पडेल. तसे होत नाही. होते ते उलट. गाडी कुलपांवर टेकलेली असते आणि खाली घ्यायची तर आधी दोन बोटे वर उचलून कुलपे मोकळी करावी लागतात. वीज नसेल तर ते जमत नाही आणि गाडी वरच राहते. जून २०२० मधील निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली-मंडणगडकडे कित्येक दिवस वीज नव्हती, हे आपणा सर्वांना आठवत असेल. हातपंपाची सोय असलेले मॉडेल घ्या किंवा जनरेटर ठेवा.

आणि एक, जे घाटावरच्या मंडळींना सहसा सांगावे लागत नाही. खाऱ्या हवेत दहा-बारा वर्षे काढलेल्या लहान गाड्यांच्या दाराखालची चौकट आतून गंजून कागद झालेली असते. लिफ्टचे बाहू नेमके तिथेच टेकतात. बाहेरून रंग शाबूत दिसतो आणि भार आला की पत्रा आत दबतो. उचलण्यापूर्वी हातोडीच्या दांड्याने ठोकून आवाज ऐका.

पाना बारा-तेरा

हे शेवटचे अगदी खरे आहे, मी एका जुन्या व्हॅनवर शिकलो. त्यात एक भर घालतो. सीएनजीच्या गाडीत मागे सिलिंडर असतो, त्यामुळे तिचा तोल पेट्रोलच्या त्याच गाडीपेक्षा मागे सरकलेला असतो, आणि पुढून इंजिन किंवा गिअरबॉक्स उतरवला की तो आणखी मागे जातो. मागच्या बाजूला उंच स्टँड लावल्याशिवाय असे काम करू नये. दोन इंच उचलून गाडी हलवून पाहायची, मगच वर न्यायची, हा नियम पोराला पहिल्या दिवशी शिकवा.

पण हिशेबनीस साहेबांना एक विचारतो. मिस्त्रीची पाठ तुमच्या वहीत कुठल्या रकान्यात येते? तो वर्षभराने काम सोडून गेला तर नवा मिस्त्री मिळेपर्यंत जे बुडेल, ते १,६०० रुपयांत बसते का? आमच्या भागात कामाला येणारा मुलगा आजकाल आधी विचारतो, "लिफ्ट आहे का?"

जुना हिशेब

तो रकाना माझ्याकडे नाही आणि असायला हवा होता, हे मान्य. तरीही मी म्हणेन की पाठीसाठी आधी छोटी कातरी लिफ्ट (कात्रीसारखी उघडून गाडीला खालून उचलणारी) पाहावी. ती साधारण तीन-साडेतीन फूट उचलते, बोल्टशिवाय चालते आणि जागा बदलली तर उचलून नेता येते. ब्रेक, सस्पेन्शन, टायर ही कामे स्टुलावर बसून होतात.

पाना बारा-तेरा

आणि क्लच? कातरी नेमकी गाडीच्या पोटाखाली येते, गिअरबॉक्स उतरवायला वाट उरत नाही. ज्या दोन कामांवर तुम्ही साडेचार हजार मिळवून दिलेत, तीच दोन कामे कातरीवर होणार नाहीत.

दोन बे

काल मोजणी केली. वळचणीला ११ फूट आहेत, मध्यभागी कैचीखाली साडेबारा. म्हणजे लिफ्ट मध्यभागी घ्यावी लागेल आणि दुसरी गाडी तिरकी लावावी लागेल. जमिनीत चार ठिकाणी ड्रिल मारले. तीन ठिकाणी अडीच इंचांवर जांभ्याचा चुरा लागला, चौथ्या ठिकाणी दोन इंचांवरच. म्हणजे खणून नवा पाया घालण्यावाचून गत्यंतर नाही, आणि माझे ४०,००० कमी पडतील.

घरमालकांशी बोललो. पाया घालायला त्यांची हरकत नाही, पण करार अकरा महिन्यांचाच ठेवू म्हणतात. हप्ते छत्तीस आणि करार अकरा महिन्यांचा, हे मला पटत नाही. पाच वर्षांच्या नोंदणीकृत कराराला तयार असाल तर पाया माझ्या खर्चाने करतो, असे त्यांना सांगून आलो आहे. त्यांनी दिवाळीपर्यंत मुदत मागितली आहे. तोवर आणखी चार घोड्या आणि एक ट्रान्समिशन जॅक घेतो, म्हणजे छातीवर गिअरबॉक्स घेणे तरी थांबेल.

निवृत्त मेंटेनन्स

करार झाला तर पाया फेब्रुवारीपर्यंत उरका, म्हणजे २८ दिवस धरूनही काम पावसाच्या बरेच आधी संपेल. आणि दोन्ही खांबांखालचे काँक्रीट एकाच वेळी, सळई टाकून, सलग ओता. खांबापुरते दोन वेगळे चौकोन करून देतो असे गवंडी म्हणेल, त्याचे ऐकू नका.

जुना हिशेब

आणि करारात एक ओळ घालून घ्या की सोडून जाताना लिफ्ट तुमची, पाया त्यांचा.