मदत हवी आहे: उभ्यानं केर भरता येईल अशी सुपली

आमच्या सोसायटीत झाडणाऱ्या मावशी चारही जिने वाकूनच केर भरतात. लांब दांड्याची सुपली आणून दिली, तर दांडा पातळ पत्र्याचा, तळहातात रुततो; उचलली की तोंड खाली, निम्मा केर परत पायरीवर! म्हणून घरीच खटाटोप चाललाय. 80 सेंमी पीव्हीसी पाइप, वर सायकलची रबरी मूठ. मूठ झकास बसली.

अडलंय पाइप आणि सुपली जोडणाऱ्या बिजागरीपाशी. ती पुढे सरकवली की मागचा भाग जड होऊन तोंड आपोआप वर येतं, पण टेकवल्यावर कड फरशीला चिकटत नाही, बारीक धूळ खालून निसटते. कडेला जुन्या रबरी ट्यूबची पट्टी लावू का? आणि मूठ सरळ बरी की छत्रीसारखी वाकडी? मावशींचं एकच, "दादा, आधी हलकी करा." कुणी केलंय का असं काही?