एकोणीस शेअर, साडेसत्तेचाळीस रुपये: कार्ड कंपनीचा शेअर ठेवायचा की काढायचा?

दांडियाबाजारकर

मंडळी, जरा लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

फेब्रुवारी २०२० मध्ये स्टेट बँकेच्या कार्ड कंपनीचा इश्यू, म्हणजे शेअरची पहिली जाहीर विक्री, येणार म्हणून आपल्या बडोद्यात काय गडबड होती, आठवतंय ना? बँकेच्या भागधारकांना वेगळा कोटा होता. त्या लोभाने मी तीनशेच्या आसपास भाव असताना स्टेट बँकेचा एकच्या एक शेअर घेतला. आमच्या वाड्यात आणखी तीन घरांनी तेच केलं. इश्यू सव्वीस पट भरला आणि मला लागला. ७५५ रुपये भाव, १९ चा लॉट, एकूण १४,३४५ रुपये. मी पेढे वाटले. हसू नका, खरंच वाटले.

१६ मार्चला शेअर मुंबईत उघडला तो ६५८ ला. त्याच आठवड्यात जनता कर्फ्यू. मे महिन्यात भाव पाचशेच्या घरात.

आता २०२४-२५ चा वार्षिक अहवाल मांडीवर घेऊन बसलोय. निव्वळ नफा १,९१६ कोटी. आदल्या वर्षी २,४०८ कोटी होता, म्हणजे वीस टक्क्यांची घट. डिव्हिडंड शेअरमागे अडीच रुपये. २०२२ पासून चारही वर्षं अडीचच. नफा वाढो की पडो, काटा हलत नाही. माझ्या वाट्याला वर्षाला साडेसत्तेचाळीस रुपये. खंडेराव मार्केटातून भाजीची पिशवी भरून निघत नाही त्यात.

मार्च २०२५ अखेर भाव ८८० च्या आसपास होता. पाच वर्षांत सव्वाशे रुपये वाढ, म्हणजे वर्षाला तीन टक्क्यांच्या थोडं वर. साडेपाच टक्क्यांच्या एफडीत तेच पैसे अठरा हजार सातशेच्या वर गेले असते. गंमत म्हणजे कोट्यासाठी घेतलेला तो एकुलता एक स्टेट बँकेचा शेअर मार्च २०२५ ला ७७० वर होता. पोरीसाठी आईला घरात आणलं आणि आईच कमावती निघाली!

माझं मत: कार्ड कंपनी हा लहान भागधारकाचा धंदा नाही. मी काढतोय. कुणाला पटत नसेल तर बोला.

खातेवही

काका, हिशोब बरोबर आहे, निकाल चुकीचा. तुम्ही बारसं आणि तेरावं एकाच पंक्तीत उरकताय.

२०१९-२० मध्ये नफा १,२४५ कोटी. कोविडच्या वर्षी ९८५. मग १,६१६, मग २,२५८, मग २,४०८ आणि आता १,९१६. सहा आकड्यांत दोनदा पडझड, आणि पहिल्या पडझडीनंतर दोन वर्षांत नफा दुपटीच्या वर गेला. ज्याने मे २०२० मध्ये पाचशेला घेतला त्याला विचारा शेअर कसा आहे. तुमचं दुखणं कंपनीचं नाही, ७५५ या भावाचं आहे.

राहिला डिव्हिडंड. साधारण ९५ कोटी शेअर आहेत. अडीच रुपयांप्रमाणे २३८ कोटी वाटले, म्हणजे नफ्यातले शंभरातले बारा. बाकीचे धंद्यातच राहिले. ही बँक नाही, हिला लोकांच्या ठेवी घेता येत नाहीत. उधारी वाढवायची तर भांडवल लागतं, रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे किमान पंधरा टक्के. डिव्हिडंड वाटायचा आणि मग नवे शेअर काढून तुमच्याच दारात यायचं, ते तुम्हाला आवडेल का?

दांडियाबाजारकर

सीए लोकांशी बोलायचं म्हणजे सुरसागरात होडी वल्हवण्यासारखं, फिरून पुन्हा त्याच घाटावर. अहो, दारात ते आधीच येऊन गेलेत! १०,३५५ कोटींच्या इश्यूतले कंपनीला मिळाले फक्त ५०० कोटी. बाकीचे स्टेट बँक आणि कार्लाइल (तिची परदेशी गुंतवणूकदार भागीदार) यांच्या खिशात गेले, ते आपले जुने शेअर विकत होते. भांडवलाची एवढी चणचण होती तर तेव्हा का नाही घेतलं?

खातेवही

हा मुद्दा मान्य. कार्लाइलने पुढेही टप्प्याटप्प्याने विकलंच. पण स्टेट बँक अजून अडुसष्ट टक्क्यांच्या वर धरून बसली आहे. मोठा मालक बसलेला असताना एकोणीसवाल्याने का पळावं?

अलकापुरी_टू_ऑस्टिन

तुम्ही दोघं एका चुकीच्या शब्दावर भांडताय. 'कार्ड कंपनी' म्हटलं की डोळ्यांपुढे व्हिसा, मास्टरकार्ड येतात. त्यांचा धंदा वेगळाच आहे. व्हिसा कुणाला एक रुपया उधार देत नाही. ती टोलनाका आहे: गाडी गेली, पावती फाडली. सप्टेंबर २०२४ ला संपलेल्या वर्षात व्हिसाचं उत्पन्न ३५.९ अब्ज डॉलर, नफा १९.७ अब्ज. शंभरातले पंचावन्न खिशात.

आणि आपली ही? एकूण उत्पन्न १८,६३७ कोटी, नफा १,९१६. शंभरातले दहा. कारण ही टोलनाका नाही, सावकार आहे. सावकाराचा शेअर टोलनाक्याच्या भावाने घेतला, तिथेच काकांचं घोडं अडलं.

मांजलपूरची_सून

सावकार हा शब्द कुणीतरी काढला ते बरं झालं. दुपारपासून वाचतेय, कुणी पलीकडच्या माणसाबद्दल बोलतच नाही.

माझ्या नणंदेने एका कंपनीच्या कार्डावर फ्रिज आणि लग्नाचे कपडे घेतले. चाळीस हजार. बिलावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं, किमान भरायची रक्कम दोन हजार. तिला वाटलं हाच हप्ता. महिन्याला पावणेचार टक्के व्याज, म्हणजे दीड हजार. त्यावर अठरा टक्के जीएसटी, दोनशे सत्तर. दोन हजार भरून मुद्दलातले गेले दोनशे तीस! चार महिने ती समजत होती की फेडतेय. शेवटी सासूबाईंनी पाटल्या गहाण ठेवायच्या गोष्टी काढल्या, तेव्हा आम्ही कागद उघडून बसलो.

तुम्ही ज्याला उत्पन्न म्हणता ते हे आहे. भागधारक म्हणून तुम्हाला मनातून काय हवं असतं? शेजाऱ्याने बिल पूर्ण भरू नये, पण बुडवूही नये. असं लोंबकळत राहावं.

नवा_गडी_मकरपुरा

ताई, वाईट वाटलं, पण यात कंपनीचा दोष किती? बिलावर 'एकूण देय' पण लिहिलेलं असतं. मी तीन वर्षं कार्ड वापरतो, एक पैसा व्याज दिलं नाही. पन्नास दिवस फुकट पैसे वापरतो, वर पॉइंट. मला तर वाटतं कंपनीच माझ्यामुळे तोट्यात असेल.

मांजलपूरची_सून

असतेच रे. तुझे पॉइंट कुठून येतात वाटलं? थोडे दुकानदाराच्या कमिशनातून, थोडे माझ्या नणंदेकडून. पुढच्या वेळी विमानतळाच्या लाउंजमध्ये ढोकळा खाशील तेव्हा तिला एक फोटो पाठव.

नवा_गडी_मकरपुरा

🙏 लाउंजमध्ये ढोकळा नसतो ताई, पण मुद्दा लागला.

खातेवही

भावना समजते, पण आकड्याला धरून बोलू. या कंपनीच्या उधारीतला सुमारे एक चतुर्थांश भागच असा फिरता, व्याजावर राहणारा आहे. बाकीचे वेळेवर भरणारे किंवा ठरलेले ईएमआयवाले. आणि व्याजाचा दर लपवलेला नाही. ग्राहक आयोगाने २००८ मध्ये तीस टक्क्यांच्या वर व्याज घेऊ नये असं म्हटलं होतं, तो आदेश सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला. कायद्याने धंदा चोख आहे.

मांजलपूरची_सून

कायद्याने. हो.

बकेटवाला

मी सहसा फक्त वाचतो. पण इथे सगळेच नफ्याची ओळ बघताय, म्हणून लिहितो. सहा वर्षं एका वसुली एजन्सीत काढली, आधी सुरतेला, मग इथे. कुठल्या कंपन्यांसाठी ते सोडा.

आमच्याकडे खात्याला नाव नसतं, बकेट असते. तीस दिवस थकला की पहिली बकेट, साठ म्हणजे दुसरी, नव्वद म्हणजे तिसरी. पहिलीतला माणूस विसरलेला असतो, एका फोनवर भरतो. दुसरीतला फोन उचलतो पण बहाणा सांगतो. तिसरीतल्याचा फोन बंद असतो आणि दार त्याची आई उघडते. नव्वद दिवसांनंतर खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज. आणखी काही महिने गेले की कंपनी ते राइट ऑफ करते, आणि ते एनपीएच्या यादीतून नाहीसं होतं. पैसे आलेले नसतात, फक्त यादीतून नाव जातं.

आता अहवाल उघडा. ढोबळ एनपीए मार्च २०२४ ला एकूण उधारीच्या २.७६ टक्के, मार्च २०२५ ला ३.०८. वाचणारा म्हणतो, हात्तिच्या, तीनच टक्के! पण नफा-तोटा पत्रकात खाली बुडीत कर्जाची आणि त्यासाठीच्या तरतुदीची (बुडेल म्हणून आधीच बाजूला काढलेल्या पैशांची) ओळ आहे. आदल्या वर्षी सुमारे ३,३०० कोटी, या वर्षी सुमारे ४,९००. उधारी वर्षाअखेर ५५,८४० कोटी, वर्षारंभी ५०,८४६. सरासरीवर मांडा: शंभर रुपये उधार दिले त्यातले नऊ एका वर्षात गेले. तीन नाही, नऊ.

त्यामुळे उत्पन्न वाढूनही नफा पडला. खातेवही साहेब म्हणतात तशी ही कोविडसारखी बाहेरून आलेली आपत्ती नाही. ज्या वर्षांत नफा दोन हजारांच्या वर गेला, त्याच वर्षांत वाटलेली कार्डं आहेत ही. मॉलच्या दारात उभं राहून बॅग फुकट देत फॉर्म भरून घ्यायचे, मी पाहिलंय. एकेका माणसाच्या पाकिटात पाच-पाच कार्डं. एक भरायला दुसरं घासतो.

खातेवही

हे नऊ टक्के मी मांडून पाहिले नव्हते. आत्ता मांडले. बरोबर येतात.

तरी दोन गोष्टी राहतात. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२३ मध्ये विनातारण कर्जांचं जोखीमवजन वाढवलं, म्हणजे तेवढ्याच उधारीमागे जास्त भांडवल ठेवायला लावलं; हिच्यासारख्या बँक नसलेल्या कंपन्यांना (एनबीएफसी) कार्डाच्या उधारीवर शंभराचं सव्वाशे. एनबीएफसींना बँकांकडून मिळणारं कर्जही त्याच फटक्यात महागलं, ते फेब्रुवारी २०२५ मध्ये सैल केलं. म्हणजे थोडा भार बाहेरूनही आला. आणि दुसरं, बुडालेलं एकदा पुसून निघालं की त्यानंतरची वर्षं सुधारतात. हे चक्र आहे.

बकेटवाला

चक्र आहे हे खरं. आमची एजन्सी त्या चक्रावरच चालायची. पण चक्र खाली असताना तुम्ही घेताय की वर असताना, ते या एका ओळीवरून कळतं, हसऱ्या फोटोंच्या पानांवरून नाही.

सयाजीगंज_जुना

मी सबब्रोकर होतो. सयाजीगंजात आपलं वडोदरा स्टॉक एक्स्चेंज होतं त्या काळातला. २०१५ मध्ये सेबीने, म्हणजे बाजाराच्या नियामकाने, त्याला निरोपाचा नारळ दिला. इमारतीखालच्या टपरीवर एकच नियम होता: डिव्हिडंड खरा, बाकी सगळं शाई. नफ्याचा आकडा घडवता येतो, रोकडा घडवता येत नाही. म्हणून मी दांडियाबाजारकरांच्या बाजूचा. बारा टक्के वाटणारा मालक म्हणजे वांग्याचं भरीत दाखवून वास घ्यायला सांगणारा.

आणि बडोदेकरांनी बाहेरच्या कार्डाचं कौतुक कशाला करावं? १९०८ साली सयाजीराव महाराजांनी मांडवीत बँक ऑफ बडोदा काढून दिली, तिचीही कार्ड कंपनी आहे.

अलकापुरी_टू_ऑस्टिन

आजोबा, ती शंभर टक्के बँकेच्या मालकीची आहे, बाजारात तिचा शेअरच नाही. कौतुक करा, पण एकोणीसचा लॉट मिळायचा नाही.

सयाजीगंज_जुना

म्हणूनच ती चांगली. 😄

दांडियाबाजारकर

वाचलं सगळं. दोनदा वाचलं. बकेटवाले, तुमच्या त्या नऊ टक्क्यांनी रात्री झोप लागली नाही. मी डिव्हिडंडवर रडत बसलो होतो आणि खरं भोक दुसरीकडेच. ताईंचं म्हणणं बायकोला वाचून दाखवलं, तिने एवढंच विचारलं, "आणि पेढे वाटले होते तुम्ही?"

काढायचं तूर्त थांबवलंय, पण खातेवहींना पटलं म्हणून नाही. भागधारकांची सभा हल्ली पडद्यावरच असते. आधी नाव नोंदवलं तर दोन मिनिटं बोलायला देतात. विचारायचंय: राइट ऑफ केलेल्या खात्यांतून वर्षभरात वसूल किती झालं, आणि शेवटच्या दोन वर्षांत वाटलेल्या कार्डांतली किती बुडाली? बकेटवाले, प्रश्न नीट शब्दांत घालून द्या. माझी ततपप होते.

अजून एक. वाड्यातल्या त्या तीन घरांपैकी एक माझ्या आत्याचं. तिच्याही नावावर १९ शेअर आहेत. जोडलेलं बँक खातं बंद पडलंय, त्यामुळे चार वर्षांचे एकशे नव्वद रुपये तसेच पडून. सात वर्षं कुणी विचारलं नाही तर ते सरकारच्या आयईपीएफ निधीत जातात, म्हणजे २०२२ चा डिव्हिडंड २०२९ मध्ये, आणि मागोमाग शेअरही. रजिस्ट्रारचं (कंपनीच्या भागधारकांच्या नोंदी ठेवणाऱ्याचं) ऑफिस बडोद्यातच आहे म्हणे. काय काय कागद न्यायचे, कुणी गेलंय का?

खातेवही

शेअर डीमॅटमध्ये असतील तर ते डीमॅट खातं जिथे आहे तिथे आधी नवं बँक खातं जोडा. रद्द केलेला चेक, पॅन, आधार. ते झालं की राहिलेल्या डिव्हिडंडसाठी रजिस्ट्रारला अर्ज. आत्यांची सही बदलली असेल तर बँकेतून ती प्रमाणित करून न्या, तिथेच सगळे अडकतात. सोमवारी मी त्या बाजूला आहे, हवं तर आत्यांना घेऊन या.

बकेटवाला

प्रश्न लिहून व्यक्तिगत निरोपात टाकलाय. पावणेदोन मिनिटांत वाचून होतो, घड्याळ लावून पाहिलं.