अंजिरांचा हंगामच नव्हता, मग झाडाला शाप का? (मार्क 11)

पेन्सिलवाली

सर्वांना सलाम. प्रश्न जरा लांबवून सांगते, सांभाळून घ्या.

आई गेल्यावर तिचं बायबल माझ्याकडे आलं. रोज पहाटे त्यातूनच मार्कचं शुभवर्तमान (मार्कने सांगितलेली येशूची गोष्ट) वाचते, एका बैठकीला अर्धा अध्याय, जास्त नाही. अकराव्या अध्यायात गाडी अडली. येशूला भूक लागते, लांबून पानांनी भरलेलं अंजिराचं झाड दिसतं, जवळ जाऊन बघतो तर नुसती पानं. आणि मार्क स्वतःच सांगून टाकतो की तो अंजिरांचा हंगाम नव्हता. तरी झाडाला शाप! हंगाम नसताना फळ नाही, यात झाडाचं काय चुकलं?

आमच्या अभ्यासगटात विचारलं तर उत्तर आलं, "ताई, वचनावर शंका घ्यायची नसते." विषय बंद, पुढची प्रार्थना सुरू. घरी येऊन तेच पान उघडून बसले तेव्हा दिसलं. 13व्या वचनाच्या समासात पेन्सिलीचं बारीकसं प्रश्नचिन्ह, आईच्या हातचं. पानभर अधोरेखनं आहेत, प्रश्नचिन्ह तेवढं एकच. तिने कुणाला विचारलं होतं की नाही, कोण जाणे. मी विचारतेय.

दुहेरी_भिंग

ताई, आधी एक करा. त्या अध्यायातले ठळक मथळे बोटाने झाका. ते मार्कचे नाहीत, छापणाऱ्यांचे आहेत. अध्याय पाडले गेले 13व्या शतकात, आणि नव्या करारातल्या वचनांचे आकडे 1551 सालचे. तुम्ही अर्धा अर्धा अध्याय वाचता म्हणालात म्हणून मुद्दाम सांगतोय, धागा नेमका तिथे तुटतो.

आता 12 ते 21 सलग वाचा. झाड, मग येशूने यरुशलेमच्या मंदिरात सराफांचे (पैसे बदलून देणाऱ्यांचे) चौरंग उलथणं, मग पुन्हा झाड, मुळापासून वाळलेलं. मार्कची ही खोडच आहे. एक गोष्ट अर्धी सोडायची, मध्ये दुसरी सांगायची आणि मग पहिलीकडे परतायचं. पाचव्या अध्यायात याईर नावाच्या माणसाच्या आजारी मुलीसाठी त्याच्या घरी निघालेला येशू वाटेत रक्तस्रावी स्त्रीपाशी थांबतो. ती 12 वर्षं आजारी, याईराची मुलगी 12 वर्षांची. आतली गोष्ट बाहेरचीला अर्थ देते. इथेही तसंच, शाप झाडाला असला तरी रोख मंदिराकडे आहे. लांबून हिरवंगार, जवळ गेलं तर हाती काही नाही. मंदिरात येशू "लुटारूंची गुहा" म्हणतो ते शब्द जुन्या करारातल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातले, अध्याय 7 मधले. तिथून थोडं पुढे 8:13 काढून बघा, अंजिराच्या झाडावर अंजीर नाही असंच आहे.

मुळाशी

झाडाबद्दल माझी थोडी भर. ही गोष्ट वल्हांडणाच्या (यहुद्यांच्या वसंतातल्या सणाच्या) दिवसांतली. त्या भागात त्या सुमारास अंजिराला पालवी येते आणि तिच्याबरोबरच पहिल्या बहराची कच्ची फळं धरतात. ती पिकायला जून उजाडतो, मुख्य बहर उन्हाळ्याच्या अखेरीस. म्हणजे भरगच्च पानं असून कच्चं फळही नसेल, तर तो बहर वायाच गेला म्हणायचा. पुष्कळ जण हे सांगून मोकळे होतात. मला ते पुरत नाही. एवढंच सांगायचं असतं तर मार्कने हंगामाचं वाक्य घातलंच नसतं. ते टोचावं म्हणूनच तिथे आहे, असं माझं मत.

जुना_विद्यार्थी

अंजिराचं ह्या दोघांनी सांगितलं. मी "शंका घ्यायची नसते" यावर बोलतो. लूक 1 मध्ये देवदूताला दोघं जण प्रश्न करतात. म्हाताऱ्या जखऱ्याला मुलगा होईल असं सांगितलं जातं, तो विचारतो, हे मी कशावरून समजू? तो मुका होतो. येशूची आई होणार असं ऐकून मरीया विचारते, हे कसं होईल? तिला नीट उत्तर मिळतं. म्हणजे अडचण प्रश्नाची नव्हती. एकाला पुरावा हवा होता, दुसरीला समजून घ्यायचं होतं. आणि प्रेषितांची कृत्ये 8 मधला इथिओपियाच्या राणीचा खजिनदार? रथात यशया संदेष्ट्याचं पुस्तक वाचत बसलाय. येशूचा अनुयायी फिलिप्प विचारतो, समजतं का? तो म्हणतो, कुणी सांगितल्याशिवाय कसं समजणार! फिलिप्प त्याला दटावत नाही, रथात चढून शेजारी बसतो.

गटातल्यांवर फार रागावू नका मात्र. बऱ्याचदा उत्तर येत नसतं, आणि तसं कबूल करायला जीभ वळत नाही. मी स्वतः अनेक वर्षं तेच केलं.

पेन्सिलवाली

मथळे झाकले, सगळा अध्याय एका बैठकीत वाचला, दोनदा. 11वं वचन मी दरवेळी ओलांडून जायचे. आदल्या संध्याकाळी येशू मंदिरात जातो, सगळीकडे नजर फिरवतो आणि उशीर झाला म्हणून बारा शिष्यांबरोबर जवळच्या बेथानी गावाला निघून जातो. बस, एवढंच. काही बोलत नाही, काही उलथत नाही. दुसऱ्या दिवशी झाडापाशी जातो तेही बघायलाच. मंदिर त्याचं आदल्या संध्याकाळीच बघून झालं होतं!

झाडाची कीव अजून गेलेली नाही, खरं सांगते. पण आईच्या प्रश्नचिन्हाशेजारी "वचन 11 बघ" असं लिहून ठेवलंय, पेन्सिलीनेच.

आता पुढचा अडथळा. 23व्या वचनात तो "या डोंगराला" म्हणतो. हा डोंगर म्हणजे कुठला? बेथानीहून यरुशलेमला येताना पायाखाली जैतुनांचा डोंगर, आणि समोर मंदिर ज्यावर आहे तो. दुहेरी_भिंग दादा, आहात का?